दहा मिनिटांत बरा होणारा लकवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. गॅदरिंगचे दिवस होते. तिसरीच्या मुलांना फुगे फुगवायला बसवलं होतं. एक मुलगी तिसरा की चौथा फुगा फुगवता फुगवता थांबली. फुगा सुटला, फर्रर्र करत वर्गभर फिरला, पोरं खिदळली. ती मात्र उजवा हात मांडीवर टाकून बसून राहिली. "सर, हात वर येईना की," म्हणाली, आणि तेवढं म्हणतानाही शब्द जरा जड आले. मला वाटलं, कंटाळली असेल. "नाटकं पुरे, बस तिकडं," म्हणून मी पुढच्या मुलाकडे वळलो. दहा मिनिटांनी पाहतो तर त्याच हाताने ती रांगोळीचे ठिपके काढत होती. माझा समज आणखी पक्का झाला.

पुढे कळलं की घरीही हे होत होतं. चुलीत फुंकणी मारताना एकदा. बशीतला गरम चहा फुंकताना एकदा. इंजेक्शनच्या भीतीने ओक्साबोक्शी रडल्यावर तर दोनदा. आजी म्हणाली, अंगावरून वारं गेलं. शेजारणीने नजर काढली. एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं, दुसऱ्यात फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. दीड वर्षाने एका सकाळी हात गेला तो दहा मिनिटांत परत आला नाही, दुपारपर्यंतही आला नाही. मग एमआरआय झाला आणि घरच्यांना एक शब्द ऐकायला मिळाला, जो त्यांनी जन्मात ऐकला नव्हता: मोयामोया.

मीही तो पहिल्यांदा तेव्हाच ऐकला. तिचे वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होते. ते रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले, कारण "सर, तुम्हाला इंग्लिश येतंय." इंग्रजी येत होतं, पण त्यातलं काही कळत नव्हतं. तेव्हापासून डॉक्टरांना विचारत, वाचत जे समजत गेलं ते इथे सांगतो. मी डॉक्टर नाही. हा लेख वाचून कुणी गोळी सुरू करू नये आणि बंदही करू नये.

शब्द जपानी आहे. आपण जसं डोळ्यांपुढे 'अंधुक अंधुक' दिसतंय म्हणतो, तसा जपानी माणूस धूसर, धुरकट, नीट आकार नसलेल्या गोष्टीला 'मोयामोया' म्हणतो. ताकेउची आणि शिमिझू या जपानी डॉक्टरांनी १९५७ मध्ये असा रुग्ण पहिल्यांदा नोंदवला. १९६९ मध्ये सुझुकी आणि ताकाकू यांनी आजाराला हे नाव दिलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून फोटो काढला तेव्हा मेंदूच्या तळाशी त्यांना सिगारेटचा झुरका सोडल्यासारखा एक पुंजका दिसला. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे चोर्ल्याच्या घाटात समोरची गाडी जशी दिसते, तसं ते चित्र असतं. शाळेतल्या माझ्या कन्नड सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तलेयल्ली होगे?" म्हणजे डोक्यात धूर? तो धूर म्हणजे काय, हे कळलं की अर्धा आजार कळतो.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण प्राणवायूचा खर्च सुमारे वीस टक्के. एवढ्या खादाड अवयवाला रक्त पोचवायला मानेतून चार वाहिन्या वर चढतात, दोन पुढून आणि दोन मागून. पुढच्या दोन मोठ्या. गळ्याच्या बाजूला बोट ठेवलं की ठोका लागतो तो त्यांच्याच वाटेवर. मोयामोयात या पुढच्या दोन वाहिन्या कवटीच्या आत जिथे फांद्या फुटतात, नेमक्या त्या जागी आतून जाड होत जातात. कोलेस्टेरॉलचा थर बसल्यामुळे हे होत नाही. वाहिनीचं आतलं अस्तरच वाढतं आणि भोक बारीक होत जातं. बहुतेकांत दोन्ही बाजूंना, काहींत आधी एका बाजूला.

हिडकलच्या कालव्यावर ज्याची शेती आहे त्याला पुढचं सांगायला नको. मुख्य कालवा गाळाने भरत आला की शेवटच्या शेताला पाणी मिळेनासं होतं. मग माणसं गप्प बसतात का? बांध फोडून, इकडून तिकडून चर खणून पाणी वळवतात. मेंदूही तेच करतो. जिथे वाट अडली तिथल्या केसासारख्या बारीक वाहिन्या तो फुगवतो, नव्या फुटू देतो. या शेकडो बारीक चरांचं जाळं फोटोत धुरासारखं दिसतं. म्हणजे धूर हा मूळ आजार नव्हे, आजारावर शरीराने केलेली धडपड आहे. पण घाईघाईने खणलेल्या चराला दोन खोडी असतात. त्यातून पाणी पुरेसं जात नाही, आणि जोर वाढला की काठ फुटतो. या आजारात माणसाला जे काही होतं ते या दोन खोडींमधून होतं. लहान मुलांत बहुधा पहिली खोड दिसते. रक्त कमी पडतं आणि लकव्यासारखे झटके येतात. मोठ्यांत पहिलीबरोबर दुसरीही दिसते. नाजूक वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो, अचानक भयंकर डोकं दुखतं, उलटी होते, शुद्ध हरपते.

वयाचाही एक विचित्र हिशोब आहे. हा आजार जास्त करून दोन टप्प्यांवर गाठतो, साधारण पाच ते दहा वर्षांची मुलं आणि तिशी-चाळिशीतली माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जवळजवळ दुप्पट.

आता फुग्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त लोकांना कळायला हवी ती गोष्ट हीच आहे.

आपल्याला वाटतं, जोरजोरात श्वास घेतला की प्राणवायू जास्त मिळतो आणि मेंदूला बरं वाटतं. होतं उलटं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड हा नुसता कचरा नाही. मेंदूच्या वाहिन्या किती उघड्या ठेवायच्या, हे बऱ्याच अंशी तो ठरवतो. तो वाढला की वाहिन्या रुंदावतात, घटला की आवळतात. फुगा फुगवताना, फुंकणी मारताना, बासरी किंवा माउथ ऑर्गन वाजवताना, हुंदके देत रडताना आपण भराभर श्वास बाहेर टाकतो आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही. वाहिन्या थोड्या आवळतात. तुमच्या-माझ्या मेंदूला त्याचं काही वाटत नाही, फार तर जरा गरगरतं. पण ज्या मुलीचा मेंदू आधीच चरांवर जगतोय, तिच्यात तेवढंसं आवळणंही पुरतं. उजवा हात हलवणारा मेंदूचा भाग डावीकडे असतो. तिथलं रक्त काही मिनिटं कमी पडतं आणि हात लुळा होतो. जीभ जड होते, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं. फुंकणं थांबलं, श्वास जागेवर आला, कार्बन डायऑक्साइड पुन्हा जमला, वाहिन्या सैलावल्या की हात परत. जपानमधल्या डॉक्टरांच्या वर्णनात गरमागरम शेवयांचा वाडगा फुंकणारं पोर वारंवार येतं. आपल्याकडे चहाची बशी आहे, फुंकणी आहे, जत्रेतली पिपाणी आहे.

डॉक्टर या छोट्या झटक्याला टीआयए म्हणतात. आला, गेला, मागे खूण नाही. आणि सगळी फसगत इथेच होते. आपल्याकडे आजार मोजायची पद्धत अशी, की जो आपोआप बरा झाला तो आजारच नव्हता. पोर दवाखान्यात पोचेपर्यंत पळायला-खेळायला लागलेलं असतं. डॉक्टर हात दाबून बघतात, पायाच्या तळव्याला ओरखडा काढून बघतात, सगळं ठीक. आईला सांगता येत नाही नेमकं काय झालं होतं. "हात असा असा झाला होता हो," एवढंच. डॉक्टरांनी तरी काय करावं? म्हणून मला विचाराल तर या आजारातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं यंत्र तुमच्या खिशातला मोबाइल आहे. असं काही झालं की एकाने पोराला आडवं करून शांत करावं, "काही नाही, हळू श्वास घे," असं म्हणत राहावं, आणि दुसऱ्याने व्हिडिओ काढावा. चेहरा, दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर कुठला खाली येतो ते, आणि नाव विचारल्यावर बोलणं कसं येतं ते. किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, त्याआधी पोर काय करत होतं: रडत होतं, पळत होतं, फुंकत होतं, की तापाने फणफणलं होतं. कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात पाणी ओतू नये. दहा मिनिटांत बरं झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बरं होत नसेल तर १०८ ला फोन करायचा, वाट बघायची नाही.

फिट आणि हे यांची गल्लत सहज होते, आणि मोयामोयात कधी कधी खरोखरची फिटही येते. पण ढोबळ फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. फिटमध्ये अंग बहुधा आखडतं, झटके देतं. इथे ते बहुधा लुळं पडतं आणि पोर शुद्धीवर असतं, आपल्याकडे बघत असतं. सारखी डोकेदुखी, विशेषतः सकाळी उठल्यावरची, हेही एक लक्षण. काही मुलांत हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, काहींचा अभ्यास हळूहळू मागे पडतो. यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या शंभर कारणांनी होऊ शकते. फुंकल्यावर किंवा रडल्यावर एका बाजूची ताकद जाणं मात्र शंभर कारणांनी होत नाही.

तपासणीत एक खाचखळगा आहे. फिटची शंका आली की ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढतात. त्यात तंत्रज्ञ मुलाला तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, लहान असेल तर हातात कागदी भिंगरी देऊन फुंकायला सांगतो. एरवी ही नेहमीची, निर्धोक पद्धत. मोयामोयाच्या मुलाला मात्र तीच घातक ठरू शकते. म्हणून "फुंकल्यावर हात जातो" हे ईईजीच्या खोलीत शिरण्याआधी सांगायलाच हवं. तुम्हाला कितीही क्षुल्लक वाटलं तरी.

साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव झाला असेल तर लगेच दिसतो, पण नुसत्या येऊन गेलेल्या झटक्यांत तो नॉर्मल येऊ शकतो. आणि 'स्कॅन नॉर्मल आहे' या वाक्याइतकं माणसाला गाफील करणारं दुसरं काही नाही. इथे हवा असतो एमआरआय, आणि त्यासोबत एमआरए, म्हणजे त्याच यंत्रावर रक्तवाहिन्यांचं चित्र. घरच्यांनी एकच प्रश्न विचारावा: "डॉक्टर, मेंदूचा फोटो झाला, पण रक्तवाहिन्यांचा झाला का?" एमआरएत मोयामोया दिसला की ऑपरेशन ठरवण्याआधी बहुधा अँजिओग्राफी करतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून रंगद्रव्य सोडतात, आणि तो धूर साक्षात दिसतो.

मग घरात तो प्रश्न येतोच: हे हिला झालंच कसं? जपानमध्ये, कोरियात, चीनमध्ये हा आजार जास्त आढळतो. तिथल्या बऱ्याच रुग्णांत 'आरएनएफ२१३' नावाच्या जनुकातला बदल सापडतो. २०११ मध्ये हा दुवा लागला. डाउन सिंड्रोम, सिकल सेल, न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्यांत किंवा लहानपणी डोक्याला रेडिएशन दिलेल्यांतही वाहिन्या अशाच अरुंद होऊ शकतात. बऱ्याच जणांत मात्र नेमकं कारण हाती लागत नाही. संसर्गाने होत नाही. ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून तर नाहीच नाही. जपानमध्येसुद्धा लाखात जेमतेम दहाच्या आतबाहेर रुग्ण, म्हणजे दुर्मीळ खराच. पण बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ४७ लाख ७९ हजार होती. एवढ्या माणसांत दुर्मीळ गोष्टही कुणाच्या तरी घरी असतेच.

आजार मागे फिरवणारी गोळी नाही. अॅस्पिरिनसारखं औषध बऱ्याच जणांना देतात, ते गुठळी होऊ नये म्हणून. अरुंद झालेली वाहिनी त्याने रुंद होत नाही, आणि ज्याला रक्तस्राव झालाय त्याचा हिशोब वेगळा. खरा उपाय ऑपरेशनचा. कानाच्या पुढे, कानशिलावर बोट टेकवा, ठोका लागेल. डोक्याच्या कातडीला रक्त देणारी ही वाहिनी कवटीच्या बाहेर असते आणि या आजारात धडधाकट राहते. सर्जन तिला आत नेतात. दोन प्रकारे. पहिल्यात तिचं टोक मेंदूवरच्या वाहिनीला थेट शिवतात. दोन्ही वाहिन्या मिलिमीटरभर जाडीच्या, धागा केसाहून बारीक, काम सूक्ष्मदर्शकाखाली. या जोडणीचं पहिलं ऑपरेशन यासारगिल यांनी १९६७ मध्ये झुरिकला केलं. शिवल्याबरोबर रक्त सुरू होतं, पण लहान मुलांच्या वाहिन्या इतक्या बारीक की नेहमी जमत नाही.

दुसरा प्रकार आंब्याची भेटकलमं बांधणाऱ्याला ऐकताक्षणी पटेल. वाहिनी तोडायची नाही, शिवायचीही नाही. तिच्या भोवतालच्या ऊतीसकट मेंदूच्या पृष्ठभागाला नुसती लगटून ठेवायची. भुकेलेला मेंदू तिच्यातून स्वतःच नव्या फांद्या ओढून घेतो. मुलांत हे छान साधतं. पण कलम धरायला वेळ लागतो, तसे इथेही महिने जातात, आणि त्या काळात झटके येत राहू शकतात. "ऑपरेशन करूनही हात जातोच की," म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. डॉक्टरांना कळवायचं जरूर, पण फसलं असं लगेच समजायचं नाही. ऑपरेशनला धोके आहेतच. त्याच काळात पक्षाघात येऊ शकतो. तरी झटके येणाऱ्या मुलाला तसंच ठेवण्यात धोका बहुधा त्याहून मोठा. मोठ्यांतल्या रक्तस्रावाच्या प्रकारातही बायपासने, म्हणजे वाहिनी थेट शिवायच्या ऑपरेशनने, पुन्हा रक्तस्राव होणं कमी होतं, असं २०१४ च्या जपानी अभ्यासात दिसलं.

बेळगावात सिव्हिलला, केएलईला माणूस आधी जातो. पुढे कुणी हुबळी गाठतं, कुणी कोल्हापूर-मिरज, खानापूरकडचे गोव्याला बांबोळीला, आणि मोठं ऑपरेशन म्हटलं की रात्रीची चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून बेंगळुरूला निम्हान्स, म्हणजे मेंदूच्या आजारांची मोठी सरकारी संस्था. तीन राज्यं, चार भाषा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण पेशंटची सीमा रोजच ओलांडून होते, आणि दर वेळी कागद मागे राहतो. मिरजेच्या डॉक्टरांना बेळगावचा एमआरआय दिसत नाही, नुसता रिपोर्ट दिसतो. म्हणून सीडी मागून घ्यावी, फिल्म गुंडाळून माळ्यावर टाकू नये, प्रत्येक झटक्याची तारीख एका वहीत लिहावी. कन्नड बोलणाऱ्या नर्सला 'वारं गेलं' कळणार नाही. 'लकवा' मात्र दोन्हीकडे चालतो.

पैशांचं थोडक्यात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, एपीएलला खर्चाच्या ३० टक्के. आधी सरकारी रुग्णालयात जाऊन तिथून रेफरल घेणं शहाणपणाचं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आणि त्यावरून दोन राज्यांत जुंपलीही. कुठलं कार्ड कुठे चालतं, हे पुढाऱ्याला नव्हे, त्या रुग्णालयाच्या योजना-काउंटरला फोन करून विचारावं. प्रवासाच्या आधी.

रोजच्या जगण्यात सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तदाब उतरतो आणि चर कोरडे पडतात. जुलाब-उलट्या-ताप यांत या मुलांना घरी ताटकळत ठेवायचं नाही. निर्जळी उपास नको. सौंदत्तीच्या डोंगरावर उन्हात तासन्‌तास रांग नको, यल्लम्मा रागावणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. इथे बीपी फार खाली येणंही वाईट. मोठ्या मुलींनी आणि बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या किंवा दिवस राहण्याचा विचार न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच करावा. दाताचं किंवा दुसरं कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी कळलं पाहिजे, कारण श्वास आणि रक्तदाब तेच सांभाळतात.

त्या मुलीची दोन्ही बाजूंची ऑपरेशनं झाली, सहा महिन्यांच्या अंतराने. उजव्या हाताची बोटं अजून बारीक कामाला पूर्वीसारखी वळत नाहीत, अक्षर तिरकं येतं. ती शाळेत परतली तेव्हा तिच्या आईने मला विचारलं, "सर, मी नसताना काय झालं तर?" आम्ही एक कार्ड केलं. मजकूर मी लिहिला, कन्नड माझ्या त्या सहकाऱ्याने केलं, आणि तिच्या डॉक्टरांना दाखवून प्लास्टिकमध्ये बसवून घेतलं. ते तिच्या कंपासपेटीत असतं.

"मला मोयामोया नावाचा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. माझा हात किंवा बोलणं अचानक गेलं तर मला आडवं झोपवा. मला रडवू नका, रागावू नका. जोरात श्वास घ्यायला किंवा फुंकायला लावू नका. शुद्धीवर असेन आणि नीट गिळता येत असेल तरच पाणी द्या. बीपी एकदम उतरवू नका. वेळ लिहून ठेवा. आईला आणि १०८ ला फोन करा."

'रागावू नका' हे माझ्या कच्च्या मसुद्यात नव्हतं. ते तिने स्वतः सांगून घालायला लावलं.